होकार एकदाचा, वसुली दर महिन्याची

खात्यातून नकळत पैसे कापले गेले अशी तक्रार कोणी केली की ठरलेलं उत्तर येतं: “तुम्हीच कधीतरी होकार दिला असणार. अटी वाचायला हव्या होत्या.” बँकेच्या काउंटरवर हेच ऐकू येतं, कंपनीच्या ग्राहक सेवेत हेच, आणि घरातली शिकलेली मुलंही आईवडिलांना हेच सुनावतात. अर्थसाक्षरतेच्या व्याख्यानांतला सूरही तोच असतो: सजग राहा, वाचल्याशिवाय बटण दाबू नका, आणि तरी पैसे गेले तर दोष तुमचा. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. माझ्या मते ते साफ चुकीचं आहे आणि अन्यायाचंही आहे. ज्याचे पैसे गेले त्यालाच ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं आणि ज्याने नेले त्याला मोकळं सोडतं.

होकार दिला हे खरं. पण कशाला दिला, ते पाहू. एखादं मनोरंजनाचं ॲप ‘एक रुपयात सात दिवस’ म्हणतं. एक रुपया ठळक अक्षरांत, बाकी सगळं त्याखाली बारीक टाइपात. बटण दाबलं की यूपीआय उघडतं आणि पिन मागतं. माणसाच्या मनात त्या क्षणी एकच व्यवहार असतो, एक रुपया देण्याचा. प्रत्यक्षात त्याच पिनने तो आपल्या बँकेला कायमचा आदेश देऊन बसतो की ही कंपनी दर महिन्याला मागेल तेव्हा, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत, मला पुन्हा न विचारता पैसे देत जा. यालाच मँडेट म्हणतात. हप्ता १९९ रुपयांचा असला तरी मँडेटमधली कमाल रक्कम त्याहून कितीतरी मोठी असू शकते. आणि नियमाप्रमाणे १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या वसुलीला पिन किंवा ओटीपी पुन्हा लागत नाही. एक रुपयाला दिलेल्या होकाराच्या पोटात एवढा मोठा अधिकार दडवायचा, आणि मग ‘तुम्हीच दिला होता’ म्हणायचं, याला संमती म्हणायला मी तयार नाही.

वर्गणी भरणं ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. मासिकांची, साप्ताहिकांची वार्षिक वर्गणी मनीऑर्डरने पाठवणाऱ्यांच्या पिढ्या इथे होऊन गेल्या. मुदत संपत आली की अंकासोबत तशी चिठ्ठी यायची. वर्गणी पुन्हा भरली तर अंक चालू राहायचा, नाही भरली तर बंद व्हायचा. वाचक गप्प राहिला म्हणजे त्याला नको आहे, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. स्वयंचलित वसुलीने हा संकेतच उलटवला. आता गप्प राहणं म्हणजे होकार. विसरभोळी माणसं तेव्हाही होती, पण तेव्हा विसरलं तर फार तर एखादा अंक हुकायचा. आता विसरलं तर महिन्यामागून महिने पैसे जातात. माणसं अचानक निष्काळजी झालेली नाहीत. विसरण्याची किंमत कोणी मोजायची, हे मधल्या काळात कोणीतरी बदललं, आणि ज्यांनी बदललं त्यांचा त्यात फायदा होता.

तो बदल मुद्दाम केला गेला, याचा पुरावा हवा असेल तर अमेरिकेतलं एक प्रकरण पाहावं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनविरुद्ध प्राइम सदस्यत्वाबद्दल खटला भरला. आयोगाच्या तक्रारीनुसार सदस्य व्हायला एकदोन क्लिक पुरत, आणि सदस्यत्व सोडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत. या वाटेला कंपनीच्या आत ‘इलियड’ म्हणत, होमरच्या त्या प्रदीर्घ महाकाव्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक मान्य न करता २.५ अब्ज डॉलरवर तडजोड केली, त्यांपैकी १.५ अब्ज ग्राहकांना परत देण्यासाठी. पंधरा पर्यायांची वाट ग्राहकाच्या निष्काळजीपणातून तयार होत नाही. कोणीतरी बसून ती आखतं.

आपल्याकडे हे सगळं बेवारस सोडलेलं आहे असंही नाही, आणि म्हणूनच ‘अटी वाचायच्या होत्या’ हे उत्तर मला अधिक खटकतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांत फसवणुकीचे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत आणि त्यांतला एक आहे सबस्क्रिप्शनचा सापळा. त्याची व्याख्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. रद्द करणं अशक्य किंवा किचकट व लांबलचक करून ठेवणं हा सापळा. रद्द करण्याचा पर्याय लपवणं हा सापळा. त्याच्या सूचना संदिग्ध आणि गोंधळात टाकणाऱ्या ठेवणं हाही सापळा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, फुकट सेवा देताना पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप वसुलीची परवानगी द्यायला भाग पाडणं, हेसुद्धा त्याच व्याख्येत येतं. ‘फुकट वापरून पाहा, फक्त कार्ड नंबर द्या’ ही जाहिरात आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती नियमाविरुद्ध असू शकते हेच कोणाच्या मनात येत नाही. जो व्यवहार नियमच सापळा म्हणतो, त्यात अडकलेल्याला ‘तू नीट पाहून का चालला नाहीस’ असं विचारणं कितपत योग्य आहे?

कराडला माझी मावशी राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. घरखर्चाचा हिशेब वहीत पैशापैशाने लिहिते. अशी बाई निष्काळजी असते का? तिच्या पासबुकात दर महिन्याला एक नोंद येत होती, इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची लांब माळ आणि पुढे रक्कम. बँकेचा कसला तरी चार्ज असेल असं समजून तिने वहीत ‘बँक’ म्हणून खर्च टाकला होता. मी तिच्या फोनवर यूपीआय ॲप उघडलं, कोपऱ्यातल्या तिच्या फोटोवर बोट ठेवलं आणि ‘ऑटोपे’ची यादी काढली. एक मँडेट चालू दिसलं, मालिका दाखवणाऱ्या एका ॲपचं. “अरे, ते तर मी दिवाळीतच काढून टाकलं की फोनमधून,” ती म्हणाली. फोनमधून ॲप काढलं की सेवा बंद झाली आणि पैसेही थांबले, असं तिला वाटत होतं. वाटणारच. दुकानात जाणं बंद केलं की खरेदी बंद होते, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव आहे.

आम्ही ॲप पुन्हा उतरवून घेतलं, कारण सेवा रद्द करायचं बटण आतच होतं. ते खाते, मदत, माझा प्लॅन असं तीन पायऱ्या खाली होतं. दाबलं तर मोठ्या रंगीत पट्टीत ‘मला फायदे चालू ठेवायचे आहेत’ आणि तिच्याखाली फिकट राखाडी अक्षरांत ‘पुढे जा’. मावशीचं बोट रंगीत पट्टीकडेच गेलं. मग कारण विचारलं, मग अर्ध्या किमतीचा देकार आला, मग पुन्हा एकदा ‘नक्की ना?’ शेवटच्या पानावर आल्यावर ती म्हणाली, “मुलाला सांगू नकोस हं. म्हणेल, आईला काही कळत नाही.” मला सर्वांत जास्त राग त्या वाक्याने आला. पैसे ज्याने नेले त्याला कसलीच लाज नाही, आणि ती मात्र पोटच्या मुलापासून लपवते आहे. ‘तुम्हीच होकार दिला’ हे उत्तर माणसांना गप्प करतं ते असं.

“दोनशे रुपयांसाठी एवढा त्रागा?” असंही कोणी विचारेल. रक्कम लहान असते ती याच हिशेबाने. दोन हजार गेले असते तर मावशी त्याच दिवशी बँकेत गेली असती. १९९ रुपये असे आहेत की ते गेल्याचं लक्षात आलं तरी अर्धा दिवस मोडून रांगेत उभं राहणं परवडत नाही. आणि वर्षाला ते २,३८८ होतात. निवृत्तिवेतनावर, मोलमजुरीवर किंवा शिष्यवृत्तीवर जगणाऱ्याला ही रक्कम क्षुल्लक आहे असं म्हणायचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळा आहे: “रिझर्व्ह बँकेने नियम केले आहेत. कापायच्या आधी मेसेज येतो. तोही न वाचणाऱ्याला कोण वाचवणार?” नियम आहेत, आणि चांगले आहेत. ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने कार्डावरच्या आवर्ती वसुलीची चौकट घातली, पुढे यूपीआयही तिच्यात आलं, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून जुनी, चौकटीत न बसणारी वसुली थांबली. तेव्हा अनेकांचे नेहमीचे हप्ते अडकले आणि ग्राहकाची गैरसोय झाली म्हणून ओरड झाली. पण त्या नियमांनी जे दिलं ते मोलाचं आहे. वसुलीच्या किमान २४ तास आधी सूचना, तिच्यात कंपनीचं नाव, रक्कम, तारीख आणि कारण. ती वसुली किंवा पूर्ण मँडेटच नाकारण्याची सोय. मँडेट केव्हाही मागे घेण्याची ऑनलाइन व्यवस्था, आणि या सगळ्याबद्दल ग्राहकाकडून एक पैसाही आकारायचा नाही. (फास्टॅगच्या आपोआप भरण्याला मात्र २०२४ मध्ये या आगाऊ सूचनेतून सूट दिली गेली.)

आता ती सूचना प्रत्यक्षात कशी पोहोचते ते बघा. बहुधा इंग्रजीत. कर्जाच्या जाहिराती, लॉटरीच्या थापा, ओटीपी आणि रिचार्जच्या आठवणी यांच्या गर्दीत. कंपनीचं नाव बऱ्याचदा ॲपचं नसून मागच्या कुठल्या तरी प्रायव्हेट लिमिटेडचं, जे ग्राहकाने जन्मात ऐकलेलं नसतं. खात्याला जोडलेला नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असेल तर सूचना त्याला, पैसे आईचे. दोष त्या चोवीस तासांच्या नियमात नाही, तो पाळण्याच्या रीतीत आहे. बँका मराठीत कर्जाच्या जाहिराती पाठवू शकतात, मग पैसे कापण्याची सूचना मराठीत का नाही?

बँकांचं आणखी एक उत्तर इथेच खोडून काढतो: “आमच्या हातात काही नाही, कंपनीशी बोला.” हे खरं नाही. मँडेट बँकेकडे नोंदलेलं असतं आणि ते मागे घेण्याची सोय देणं कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे. कंपनी ऐको न ऐको, नोंद मागे घेतल्यावर त्या मँडेटवर पुढची वसुली होता कामा नये. एवढं वाक्य शांतपणे आणि लेखी सांगितलं तरी बऱ्याच ठिकाणी काउंटरवरचा सूर बदलतो.

गोंधळ होतो तो मँडेट कुठे शोधायचं यावर, कारण त्यांचं घर एक नाही. यूपीआयने दिलेलं मँडेट यूपीआय ॲपच्या ऑटोपे यादीत असतं आणि पिन टाकून रद्द होतं. कार्डावरचं बँकेच्या ॲपमध्ये, कार्डाच्या ई-मँडेट किंवा स्थायी सूचनांच्या भागात सापडतं. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरमधून घेतलेलं सदस्यत्व स्टोअरमध्येच, आपल्या प्रोफाइलखालच्या ‘पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स’मध्ये, आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली. विमा, एसआयपी, कर्जाचे हप्ते बहुतेक ‘नॅच’ या बँकांमधल्या वसुलीच्या व्यवस्थेतल्या मँडेटवर चालतात, ते बँकेत किंवा नेटबँकिंगवर. मोबाइलच्या शिलकीतून कापलं जात असेल तर त्याचा मार्ग आणखी वेगळा. आधी सेवा रद्द करावी, रद्द झाल्याच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवावा, आणि मग मँडेटही मागे घ्यावं. नुसतं मँडेट मोडलं तर वसुली थांबते, पण करार उरलेला असेल, जसा जिम किंवा ब्रॉडबँडचा असतो, तर कंपनी थकबाकी दाखवू शकते. कर्जाचं मँडेट तर हप्ता देणं असेपर्यंत मोडूच नये. फुकट मुदतीची सेवा घेतली तर त्याच दिवशी रद्द करून टाकावी, बहुतेक ठिकाणी मुदत संपेपर्यंत ती चालू राहते. आणि परदेशी साइटवर कार्ड वापरलं असेल तर काम झाल्यावर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवावा. ही सोय २०२० पासून रिझर्व्ह बँकेनेच सगळ्या कार्डांना द्यायला लावली आहे.

हे सगळं मी सांगितलं, पण सांगताना मला समाधान वाटलं नाही. पाच-सहा ठिकाणी शोधावं लागणारं कुलूप हा ग्राहकाच्या शिक्षणाचा विषय होऊच नये. व्यवसायाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की सोडणं इतकं सोपं केलं तर कंपन्या टिकणार नाहीत, दर वाढतील. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून ऑनलाइन कराराला रद्द करण्याचं स्पष्ट बटण ठेवणं कायद्याने सक्तीचं आहे. तिथे ऑनलाइन व्यापार बंद पडलेला नाही. आणि खरोखर एखादी कंपनी ज्यांना सेवा नको आहे त्यांच्या पैशांवरच तगून असेल, तर ज्यांना ती हवी आहे त्यांचा दर माझ्या मावशीसारख्यांच्या खिशातून स्वस्त होतो आहे. ही व्यवस्था टिकावी असं मला वाटत नाही.

हा वाद आपण एकदा लढून जिंकलेलोही आहोत. कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटचा स्कोअर यांच्या नावाखाली मोबाइलच्या शिलकीतून पैसे कापले जायचे ते दिवस बऱ्याच जणांना आठवत असतील. चुकून एखादं बटण दाबलं की सेवा गळ्यात पडायची. तेव्हाही मोबाइल कंपन्या म्हणायच्या की ग्राहकानेच बटण दाबलं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने हा युक्तिवाद मानला नाही. २०१३ मध्ये त्याने दुहेरी पुष्टीची अट घातली, म्हणजे ग्राहकाने पुन्हा स्वतंत्रपणे होकार दिल्याशिवाय सेवा चालू करायची नाही, आणि बंद करण्यासाठी सगळ्या कंपन्यांना १५५२२३ हा एकच फुकट क्रमांक. त्या अटीने ग्राहक अधिक साक्षर झाला नाही, बटण दाबण्याचा परिणाम बदलला. ॲपवाल्यांच्या बाबतीतही हेच करता येतं.

सरकारी योजनांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस अनेकांच्या खात्यातून जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये कापले जातात. विमा स्वस्त आहे, उपयोगाचा आहे, आणि तो बंद करा असं मी कोणालाही सांगणार नाही. पण माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांना आपण हा विमा घेतला आहे याचाच पत्ता नाही. त्यांचं नुकसान ४३६ रुपयांहून फार मोठं होऊ शकतं. घरातला कर्ता गेला आणि बायकोला विमा माहीतच नसला, तर हक्काचे दोन लाख मागायला ती जाणार कशी? नकळत घेतलेला होकार चांगल्या गोष्टीचीसुद्धा माती करतो, म्हणून माझा आक्षेप रकमेच्या आकड्यापुरता नाही.

आणि ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांनी गप्प बसू नये, शरम तर मुळीच बाळगू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं. तक्रार सांगताना ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हाच शब्द वापरा, कारण अधिसूचनेत तोच आहे. जोडीला वसुलीची तारीख, रक्कम, पासबुकातली नोंद आणि रद्द करताना काढलेले स्क्रीनशॉट ठेवा. बँकेने मँडेट रद्द करायला नकार दिला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवर ती घरबसल्या दाखल होते.

बँकांकडे माझी मागणी अगदी साधी आहे. पासबुक भरायला आलेल्या माणसाने विचारलं की त्याच्या खात्यावर चालू असलेल्या सगळ्या मँडेटची यादी, यूपीआयची, कार्डाची आणि नॅचची एकत्र, मराठीत, कंपनीच्या ओळखीच्या नावासह आणि कमाल रकमेसह छापून द्या. नको असलेल्या ओळीवर त्याने काट मारून सही केली की ती त्याच दिवशी बंद करा. मँडेट घेताना एक पिन पुरतो, मग मोडताना एक सही पुरायला काहीच हरकत नसावी.